आधी वास, मग काडी

शिवरामनानांच्या ओटीवर पाय ठेवला की कुणी पाणी विचारत नाही, आधी नाकाखाली तंबाखूचं ताट येतं. "घे वास. पोटभर घे. काय येतं सांग." तुम्ही कुणाच्या मयताची बातमी घेऊन आला असाल, तरी आधी वास, मग बातमी.

मी एसटीच्या आगारात कंट्रोलर होतो. जन्मभर डिझेलचा धूर खाल्ला, पण बिडीला शिवलो नाही. ब्लडप्रेशरची गोळी घेतो, जिना कठडा धरून उतरतो, कुलूप लावल्यावर परत ओढून बघतो. अशा माणसाला देवाने महाडात शेजार दिला तो पाइप ओढणाऱ्याचा! नाना मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. वाडीतले बाकीचे मुंबईला गेले आणि तिथेच राहिले, हे मात्र बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागले. जग फिरून आणलं काय, तर एक लाकडी पाइप आणि तंबाखूतून चव कशी काढायची याचं शास्त्र. भाचा अजून बोटीवर असतो, तो डबे पुरवतो.

हे शास्त्र मी न विचारता शिकलो. डबा उघडला की तंबाखू लगेच भरायची नाही, ताटात पसरून सावलीत ठेवायची. चिमटीत कुरकुरली तर मेली, गोळा झाली तर अजून ओली. दाबून सोडल्यावर हळूच उलगडली पाहिजे. महाडच्या पावसाळ्यात ती उलगडायला दोन-दोन दिवस घेते आणि तोवर नाना बाळंतिणीच्या नवऱ्यासारखे येरझारा घालतात. भरताना तळाशी सैल, वर जरा दाबून. ओढण्याआधी कोमट पाण्याने चूळ. कांदा खाल्लेल्या माणसाने तर समोर बसायचंसुद्धा नाही. पाइप साफ करायचा तो कोंबडीच्या पिसाने. आणि ओढायचं म्हणजे खसाखसा नाही. "भात कसा वाफंवर निजवतोस? तसा पाइपातला निखारा निजू दे. धूर थोडा नाकावाटं सोडायचा. घाई केलीस तर जीभ भाजंल, चव नाय गावायची." हे मला, ज्याने कधी काडीसुद्धा ओढली नाही त्याला!

गेल्या थंडीत नानांना मोठा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून एकच घोर लागला, तंबाखूला चव नाही. आधी डब्यावर संशय घेतला, मग भाच्यावर, मग पाइपवर. पाइप पिसाने इतका साफ केला की मला त्या कोंबडीची दया आली. आणि रोज मला हाक. नानी भाकऱ्या थापायला लागल्या की कुंपणापलीकडून आवाज यायचाच, "कंट्रोलर, ये रे जरा." मी ताटावर वाकायचो. मनुका, जळका गूळ, काय वाटेल ते सांगायचो. माझा शब्द झाला की मगच नाना काडी ओढणार. आधी वास, मग काडी, हा नियम मोडायचा नाही. घरी गेलो की आमची ही माझा सदरा हुंगून विचारणार, आज किती ओढलीत?

माझा घोर वेगळा होता. नानींचं अलीकडे काही खरं नव्हतं. मिठाच्या बरणीत साखर भरायच्या, भरदुपारी देवापाशी दिवा लावायच्या. घरात एक विसरणारी बाई आणि एक काडेपेटीवाला बाप्या. मला शेजारी झोप कशी लागावी? शिवाय एकदा गल्लीत कुणीतरी सुकट करपवली होती. माणसं नाकाला रुमाल लावून पळत होती आणि नाना शांतपणे मला विचारतात, आज गल्लीत काय गडबड आहे? मी म्हटलं, बोटीवरचा माणूस, मासळीच्या वासाला निर्ढावला असेल.

परवा हाक आली तशी गेलो. ताट पुढे आलं. नाना काडेपेटी हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाकलो. मनुकांचा वास आला आणि त्याच्या मागून दुसरा. मी ताट सोडलं, नानांच्या हातातली काडेपेटी फटका मारून अंगणात उडवली आणि आत धावलो. शेगडीचं बटण पुरतं उघडं, जाळ नाही. नानी गॅसजवळ निवांत उभ्या राहून तांदळाची भाकरी थापत होत्या. मी बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, नानींना परसात नेऊन बसवलं.

बाहेर येऊन मी नानांना वाट्टेल ते बोललो. चाळीस बसगाड्या अडकल्या तरी असा कधी ओरडलो नव्हतो. ते अंगणातल्या काड्या वेचत होते. वेचता वेचताच म्हणाले, "नाक गेलं माजं. तापात गेलं ते परत आलंच नाय."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतके महिने मला तंबाखूसाठी बोलावणं नव्हतंच. भाकऱ्यांच्या वेळेला घरात एक चालतं नाक हवं होतं.

मला संताप आला आणि रडूही आलं. मुलाला का नाही कळवलं, म्हटलं. तर म्हणाले, तो गॅस काढून जेवणाचा डबा लावील. विजेची शेगडी आणून पाहिली होती. जाळ दिसेना म्हणून नानींनी तिच्यावरच काडी धरली.

"सगळ्या घरात ती चुकल्यासारखी फिरते रे. शेगडीपाशी गेली की हात बरोबर चालतात. तेवढं पण काढून घेऊ तिच्याकडनं?"

गॅसचा वास आला की गजर करणारं यंत्र मिळतं, ते मागवू, म्हणालो. मागव, म्हणाले, पण ती घाबरेल, तू येत जा. मी म्हटलं, ताट नको, नुसती हाक मारा, नानींच्या शेजारी पाटावर बसेन.

घर वारं खाऊन मोकळं झाल्यावर मीच जाळ लावून दिला आणि नानी परत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्या दोन ताटल्या घेऊन ओटीवर आल्या. एक मला दिली, एक नानांपुढे ठेवली. नानांच्या भाकरीची कड चांगली खरपूस होती. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "भावजी, हे पावणे रोज येतात. नाव इचारायचं ऱ्हायलं, आता लाज वाटते. पण कडक भाकर दिली की मुकाट जेवतात. चांगला माणूस हाय."

ओटी ती केवढीशी. नानांना ऐकू गेलंच असणार. ते मान खाली घालून जेवत होते.

नानींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्यांना म्हणाल्या, "उद्या पण या हां."

"येतो," नाना म्हणाले.