औषध न्हाई, जहर म्हणा!

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवतो की, हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी वसमतच्या आमच्या गल्लीत एका शब्दावर बंदी होती. शब्द होता 'औषध'. बंदी घालणारे मारोतराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर आणि आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी.

ढेकणाचं औषध, झुरळाचं औषध असं कुणी नुसतं पुटपुटलं, तरी पलीकडून आरोळी यायची, "औषध न्हाई! जहर म्हणा, जहर!" दाढी चालू असली तर अर्ध्या गालावर साबण घेऊन यायचे, समोरच्याकडून 'जहर' वदवून घ्यायचे आणि मगच उरलेला गाल करायला जायचे. सगळी गल्ली या माणसाला कंटाळली होती.

माझ्या जिभेला तर इतकं वळण लागलं की, आमच्या कुरुंद्याच्या शेतातल्या कापसावर फवारायचं म्हणून दुकानात गेलो आणि सरळ म्हणालो, "एक बाटली जहर द्या."

दुकानदारानं मला बसवलं, चहा पाजला, हात हातात घेतला. "गुरुजी, घरी काही तकलीफ हाय का?" बाटली दिली नाहीच, वर दोन माणसं मला घरापर्यंत सोडायला पाठवली.

पुढे आमच्या खाटेत ढेकूण झाले. तीन वर्षांची पिंकी खाजवून खाजवून रडायची, आमची झोप उडाली. शेवटी मेहुण्यानं फवारणीतलं उरलेलं शरबताच्या बाटलीत आणून दिलं. मी ते खाटेखाली सरकवलं.

मारोतरावांना वास लागला. न विचारता आत आले, धोतर खोचलं आणि घरभर चक्क रांगायला लागले. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"काय करून राहिले, मारोतराव?" मी विचारलं.

"लेकराच्या उंचीवरून बघून राहिलो," खाटेखालून उत्तर आलं. पाठोपाठ बाटली आली. "पाहुण्याला हे शरबत पाजता व्हय, गुरुजी?"

बाटली त्याच दिवशी मेहुण्याच्या शेतातल्या कुलपाच्या पेटीत परत गेली. मग पिंकीला लांब बसवून आम्ही खाट अंगणात काढली, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, उन्हात तापवली. चार दिवस हेच. ढेकूण किती दमले ठाऊक नाही, मी पार गळून गेलो.

आठवड्यानं पिंकीला ताप आला. डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध चमच्यात घेऊन बायको म्हणाली, "औषध घे गं, बरं वाटंल."

मारोतराव दारातच बसले होते. मी कान झाकायच्या तयारीत. पण आरोळी आली नाही.

ती पिंकीनं ठोकली. "जहर!" चमचा उडाला, औषध माझ्या सदऱ्यावर. पोरगी दात आवळून बसली.

इतक्या दिवसांचा शीण माझ्या तोंडून बाहेर पडला. "बघा मारोतराव, तुमच्या पायी लेकरू खरं औषधही घेईना! काहून लागले हो त्या एका शब्दाच्या मागं?"

मारोतराव उठले. चमचा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. पिंकीच्या आवळलेल्या दातांकडे किती तरी वेळ बघत राहिले. मग एकदम बोलून गेले, "हट्टी हाय तेच बरं हाय, गुरुजी. आमची लेक शालू लई गुणाची होती. ताप आला, अन् खाटेखालचं औषध आपल्या हातानंच घेतलं तिनं."