मैनाबाईंनी आपले नाव राखिले, त्या रोहे मोहिमेची हकीकत

कुंडलिकेचे दोहों तीरीं जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. लिहिणार चौबळांचा शेजारी. चहा त्यांचा प्यालो, परंतु लेखणी कोणाची मिंधी नाही, हे आधी ध्यानी घ्यावे.

राज्याचे फर्मान सुटले की, यापुढे जन्मास येईल त्या लेकराचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, ऐसे दफ्तरी दाखल करावे, कोणी उजूर करू नये. फर्मान येताच रोह्यासमोर, नदीपलीकडे अष्टमी गावी राजमान्य राजेश्री त्र्यंबकपंत चौबळ, निवृत्त मुख्याध्यापक, यांचे घरी कल्लोळ उठला. कारण की, पंतांस नात जाहली, दिशा नाव ठेविले, आणि तिची आई जोहे गावच्या मूर्तिकारांची लेक मैना. 'मैना' हे नाव गावंढळ, ऐसा शेरा मारून पंतांनी लग्नात ताटातील तांदळांवर लेकाचे बोटाने 'उर्वी' लिहविले होते. सूनबाईंनी तीन वर्षे घरात उर्वी म्हणवून घेतले, परंतु कागद एकही बदलू दिला नाही.

मग पंतांनी मसलत केली की, नातीचे दाखल्यावर आई म्हणून उर्वीच चढवावी. चिरंजीव सुश्रुतराव बापापुढे मान डोलावून, बायकोपुढेही डोलावून, कंपनीत शिफ्टीस पळाले. मंगळवारी खासा स्वारी रिक्षात बैसोन निघाली. संगे सौभाग्यवती सुहासिनीबाई, सूनबाई आणि दुपट्यात नात. पुलावर डंपर आडवा आला, आणि कोंडी जाहली, आणि पंत डंपरवाल्यास व्याकरणशुद्ध शिव्या देते जाहले, आणि मग एकदाची स्वारी रोह्यास नगरपालिकेचे जिन्यास भिडली.

जन्मनोंदणीचे कारकून नाथाजी यांनी आधार पाहिले, शाळेचा दाखला पाहिला, दोहोंवर मैना. पंत गर्जले की, लग्नात नाव बदलिले, चारशे माणूस साक्षीस होते. नाथाजींनी चष्मा कपाळी चढविला.

"मास्तर, त्या ताटाची झेरॉक्स हाय काय?"

अरे, काय तो प्रसंग! पंतांनी तरी हार न जाता हुकूम केला की, सूनबाईंनी गॅझेटात नाव बदलण्याचा अर्ज आजच भरावा.

"माझ्या बाबांनी ठेवलेलं नाव हाय," मैनाबाई बोलिल्या. "नाय बदलणार." डोळ्यांत पाणी, परंतु पाऊल मागे नाही.

ते समयी चाळीस वर्षांत पंतांचे शब्दाबाहेर न गेलेल्या सुहासिनीबाई पुढे सरल्या. "नाथा, मैनाच लिही." मग पंतांकडे वळोन, "या घरात एकीचं नाव पुसलंत, तेवढं पुरे झालं."

"कोणाचं पुसलं?"

"माझं. काय होतं, सांगा बघू."

पंतांनी छत न्याहाळिले, भिंत न्याहाळिली. तीस साल वर्गाची हजेरी तोंडपाठ म्हणणारा पुरुष, आणि बायकोचे माहेरचे नाव आठवेना! आम्हास तर शेजारी असून लाज वाटली.

येणेप्रमाणे 'दिशा मैना सुश्रुत चौबळ' ऐसी नोंद होऊन शिक्का उमटला आणि मैनाबाईंची फत्ते जाहली. स्वारी परत फिरली. अष्टमी जवळ आली तेव्हा पंत घसा खाकरून हळूच बोलिले, "कृष्णा... कृष्णाच ना गो?"

आणि सुहासिनीबाईंनी चाळीस वर्षांनी त्या नावास ओ दिली, तीही येथे दाखल असे.