शेवटचा नंबर दिगंबरकाकांचा

दिगंबरकाकांना रांगेत आपल्या मागं कुणी उभं राहिलेलं चालत नाही. माणूस आला की ते बाजूला सरकतात. "व्हा पुढं. शेवटची ओळ माझी." धाराशिवच्या आमच्या गल्लीतला न्हावी त्यांना सकाळी दुकानात शिरताना बघून कपाळावर हात मारतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाला पुढं पाठवत काका दुपारपर्यंत पेपर वाचत बसतात. जवळच्या तेर गावातल्या एका लग्नात त्यांना असाच दुसरा गृहस्थ भेटला. "आधी तुम्ही" करता करता दोघांच्याही वाट्याला जिलबी उरली नाही.

काका एका कचेरीच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. एकटेच राहतात. आमच्या नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येतं, वेळ ठरलेली नाही. पाणी सोडणारा काकांना फोन करतो आणि काका जुन्या संगणकावर आपली शेल स्क्रिप्ट, म्हणजे स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, चालवतात. ती ज्या फाइलीतून यादी वाचते, तिच्यात घरटी एक ओळ, नाव आणि मोबाईल नंबर. संगणकाला वायरीनं जोडलेल्या फोनवरून निरोप जातात.

"लूप म्हंजी कोतवाल बग," त्यांनी मला समजावलं होतं. "एक ओळ वाचायची, त्या घरी दवंडी द्यायची, पुढच्या ओळीला जायचं. लई इमानदार."

पूर्वी यादीत पहिलं नाव काकांचं होतं आणि शेवटचं गल्लीच्या टोकाच्या कौसल्यामावशींचं. एकदा पाणी आलेलं असताना मावशी आम्हाला हापशावर घागर भरताना दिसल्या.

"मावशी, नळाला पानी आलंय की! मेसेज न्हाय मिळाला?" काकांनी विचारलं.

"मला कुठं येतोय बाबा? चार खेपा झाल्या. म्या म्हनलं, तुमी मला धरलंच न्हाय."

काका तसेच माघारी फिरले आणि संगणकापुढं बसले. चूक सापडली. शेवटच्या नंबरानंतर एंटर मारायचा राहिला होता. ओळ संपली हे यंत्राला एंटरवरूनच कळतं; तो नसला की लूप शेवटच्या ओळीपर्यंत येतो आणि तिचं काम न करताच थांबतो. महिनाभर गल्लीला नळ आणि मावशींना हापसा. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

एंटर मारला, पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मावशींना वर घेतलं आणि आपलं नाव तळाशी ठेवलं. मग ती सवय न्हाव्याकडं, पंगतीत, बँकेत, सगळीकडंच गेली.

परवा पाण्याच्या दिवशी मी त्यांच्याकडं बसलो होतो. म्हटलं, "काका, एंटर आहे ना आता? मग अजून शेवटी कशाला?"

"कधी इसरलो तर? सुटलं तर माझं सुटंल. एकट्याला किती लागतं पानी?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी चष्मा लावला आणि स्वतःच लिहिलेला निरोप सावकाश वाचला. 'नळाला पाणी आलं आहे. भरून घ्या. काळजी घ्या.' मग त्यांनी 'मिळाला' असं उत्तर पाठवलं. टेबलावरचा, संगणकाला जोडलेला फोन वाजला.

मी त्यात डोकावलो. कित्येक खेपांचे 'मिळाला' होते, सगळे एकाच नंबरावरून.

"बाकी कुनी लिवत न्हाय," काका म्हणाले. "चालायचंच."

मला लाज वाटली. माझ्याही खिशात तोच निरोप होता. बसल्या जागी मी 'मिळाला' लिहून पाठवलं. टेबलावरचा फोन वाजला, आणि काकांनी तो लगबगीनं उचलला.