म्हाकू आण्णा इचारून सांगतो

सन एकोणीसशे शेहेचाळीस. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि त्या श्रावणात मी एका माणसाला रिकाम्या घराकडं परवानगी मागताना पाहिलं.

माणसाचं नाव म्हाकू. कवठे महांकाळकडचा धनगर, साठीच्या आसपासचा, पाचगणीतल्या एका भाड्याच्या बंगल्याचा राखणदार. सगळे त्याला म्हाकू आण्णा म्हणत. पावसाळ्यात भाडेकरू नसायचे, बंगल्यात चिटपाखरू नसायचं. मी भिजून, दमून पोचलो आणि म्हणालो, "आण्णा, घोटभर चहा मिळंल का?"

"इचारून सांगतो," म्हाकू आण्णा म्हणाला.

व्हरांड्यात चढला. दारावर दोनदा टकटक केली, थांबला, मग मान खाली घालून आत गेला. मी पायरीवर उभा. जरा वेळानं बाहेर आला.

"आतनं न्हाई म्हनलं. गूळ संपलाय."

"कोन म्हनलं?"

"आतनं," तो म्हणाला, आणि मीच खुळा असल्यासारखा माझ्याकडं बघत राहिला.

आता मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो. मी जन्मानं सांगलीचा, पण पत्र्याचं दुकान साताऱ्यात टाकलेलं. शाळा मराठी दुसरीपर्यंत. पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण कथील वितळवून सांधा धरायचा, ज्याला आम्ही डाख म्हणतो, तो माझ्यासारखा साताऱ्यात कोण लावत नव्हता. हे मी फुशारकीनं सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो. माझा डाख सुटला असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही, आणि मी आता पुष्कळ म्हातारा झालोय.

तो बंगला एका गोऱ्या साहेबानं बांधलेला. त्याला थंडी सोसत नसे, म्हणून त्यानं मागच्या अंगाला दगडी चौथऱ्यावर एक लोखंडी टाकी बसवली होती. टाकीत घासलेट. तिथनं एक नळी भिंतीतून दिवाणखान्यात गेलेली, आणि तिच्या टोकाला विलायती शेगडी. छातीच्या दुखण्याची माणसं हवापालटाला यायची, बंगला भाड्यानं घ्यायची आणि शेगडीपुढं बसायची. लढाई संपल्यावर साहेब मायदेशी गेला आणि बंगला एका शेठजीनं घेतला. त्याचा कारभारी नाना. हे नाना एके दिवशी माझ्या दुकानात आले.

"भाडेकरू ज्येष्ठात गेले," नाना म्हणाले. "तोटी बंद. मी स्वतः गज घालून तेल मोजलं. पंधरा दिवसांनी गेलो तर वीतभर खाली. तू जा आणि बघ. गळती सापडली तर डाख लाव. नाही सापडली, तर चोर सापडला. चौथ्या दिवशी सकाळी मी येतो. बरोबर फौजदार आणायचा की नाही, ते तू सांग."

त्या दिवसांत घासलेट परवान्यावर मिळायचं. बाटलीभर तेलासाठी बायामाणसं रांगेत उभी राहायची. तेलाची चोरी म्हणजे सोन्याच्या चोरीसारखीच. आणि बंगल्यावर माणूस एकच. त्याला ना गावाकडं शेत उरलेलं, ना मेंढरं. बंगल्यामागची एक गळकी खोली, एवढंच त्याचं जग.

पहिल्या दिवशी मी टाकीभोवती फिरलो. पत्रे जोडणारे रिबिटींचे खिळे बोटानं चाचपले, सांधे हुंगले. पण वासानं काही कळेना. तेलाचा वास सगळ्या बंगल्यालाच होता. भिंतींना, झाडांना, धुक्यालासुद्धा. धुकं असं की टाकीला हात लावायचा तर आधी ती शोधायला लागायची. पाखरू बोलत नव्हतं. अधूनमधून ती टाकी आपोआप 'ठण्ण' करायची. लोखंड गार पडलं की बोलतं, हे मला ठाऊक आहे. तरी दरवेळी मी मागं वळून बघायचो.

म्हाकू आण्णा मात्र निवांत. घोंगडी पांघरून फिरायचा, आणि काहीही मागितलं की त्याचं एकच.

"आण्णा, शिडी हाय का?"

"इचारून सांगतो." टकटक. आत. बाहेर. "हाय म्हनलंय. पन दोन नंबरची पायरी मोडकी हाय."

दोन नंबरची पायरी खरंच मोडकी होती.

"आण्णा, रातचा व्हरांड्यात पडू का?"

टकटक. आत. बाहेर. "पड म्हनलंय. पन घोरायचं न्हाई."

मी त्या रात्री घोरू नये म्हणून जागा राहिलो. तेवीस वर्षांचा गडी, दंडात बेटकुळ्या, आणि रिकाम्या घराच्या धाकानं डोळे उघडे ठेवून पडलेला. मला सगळ्यात कसंसंच वाटायचं ते याचं, की उत्तर दरवेळी वेगळं यायचं. खुळा माणूस एकच काहीतरी घोकतो. इथं कधी हो यायचं, कधी नाही. एकदा तर म्हाकू आण्णा बाहेर येऊन म्हणाला, "त्याला म्हनाव, पाय पुसून चढत जा." मी पाय पुसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी माझं हुकमी हत्यार काढलं. चुना. टाकीला वरपासून खालपर्यंत चुना फासायचा आणि वाळू द्यायचा. केसाएवढी चीर असली तरी तेल झिरपतं आणि पांढऱ्यावर काळा डाग उमटतो. पावसाळी हवेत चुना वाळंना, म्हणून मी वर ताडपत्री बांधली आणि बसलो राखत.

म्हाकू आण्णा आला. डोक्यावरचं फडकं मागं सारून बराच वेळ बघत राहिला.

"पोतारलीस व्हय रं हिला?"

"व्हय."

"लगीन हाय का काय टाकीचं?"

"गळती बघाय लावलाय चुना."

"मग हळदबी लाव की गड्या," तो म्हणाला आणि हसत हसत धुक्यात गेला. तो दिसेनासा झाल्यावरही हसणं थोडा वेळ ऐकू येत होतं. मग एकदम थांबलं, कुणी दटावल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढली. धुक्यात ती पांढरी टाकी अशी उभी, की जणू मढ्यावर चादर घालून कुणी ते उभं केलंय. अंगावर डाग नाही. एकसुद्धा नाही. गज आत घातला. आदल्या दिवशी मोजलं होतं त्यापेक्षा तेल बोटभर उतरलेलं.

टाकी धड होती. म्हणजे उद्या सकाळी नाना येणार आणि मला सांगावं लागणार, की गळती नाही. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या हातात बेड्या. आणि खोटं मी बोललो नव्हतो कधी. निदान पत्र्याच्या बाबतीत तरी नाही.

दुपारी मी शेवटचं म्हणून टाकीला कान लावला. आत कुणीतरी हळूहळू गिळतंय असा आवाज. बारीक, सलग. मी चौथऱ्यामागं वाकलो. नळीची तोटी, जी नानांनी बंद केली म्हणून मी तपासलीच नव्हती, ती अर्धी उघडलेली. तेल जमिनीत जात नव्हतं. घरात जात होतं.

आता मला भ्यायला हवं होतं, आणि मी भ्यालो. पण हट्टी माणसाची भीती त्याला पुढंच ढकलते. मी पाय पुसले आणि व्हरांड्यात चढलो. दार ढकललं. आतल्या बोळात भिंती ओल्या, बुरशीनं हिरव्या, हात लावला तर पाणी यावं अशा. बोळाच्या टोकाला दिवाणखाना, आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर, गार फरशीवर, म्हाकू आण्णा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. ओल्या घोंगडीत कुडकुडत होता. दात वाजत होते.

आणि खोलीतून ऊब येत होती. शेगडीत निळा जाळ. शेगडीपुढं साहेबाची मोठी खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर एक हिरवं लुगडं. कोरडं खडखडीत. साताऱ्यापासून वरपर्यंत, त्या अख्ख्या पावसात, मी कोरडं म्हणून एवढंच कापड पाहिलं. खुर्चीवर कुणी नव्हतं. बसायच्या जागी मी हात ठेवला. गरम होती. शेगडीमुळं असणार. असं मी अजूनही म्हणतो.

"आण्णा," मी म्हणालो, "कोन हाय हितं?"

बाहेर टाकी 'ठण्ण' बोलली. मी जागच्या जागी उडालो. म्हाकू आण्णा मात्र हलला नाही.

"तानी," तो म्हणाला. "माझी बायकू. दोन पावसाळं झालं."

मी त्याच्याजवळ फरशीवर बसलो. फरशी बर्फासारखी होती.

"मागल्या खोलीत लय थंडी रं," तो म्हणाला. "हिला खोकला. रातध्याड खोकायची. म्हनायची, आवं, आत समदं घर मोकळं पडलंय, घटकाभर शेगडीपाशी बसू द्या की मला. मी म्हनलं, भाडेकरू नसताना शेगडी पेटवायची न्हाई असा साहेबाचा हुकूम हाय. चावी हितं, माझ्या कमरंला. पन तवा मी लय इमानदार हुतो."

"मग?"

"मग तिला म्हनलं, साहेबाला इचारून सांगतो. साहेब तवा मुंबैला. पोस्टमनकडनं चिठ्ठी लिवून घेतली. ती रोज इचारायची, आला का जाब? मी म्हनायचा, इचारलंय, सांगतो की." त्यानं नाक घोंगडीला पुसलं. "जाब आला. तवा हिचं दिस घालून झालं हुतं."

कमरेच्या पिशवीतून त्यानं घडी घालून घालून फाटत आलेला कागद काढला. इंग्रजी होता. मला वाचता येत नव्हता, त्यालाही नव्हता. पण मजकूर त्याला पाठ होता.

"पेटव म्हनलंय साहेबानं. बसू दे म्हनलंय तिला." कागदावर बोट ठेवून तो माझ्याकडं बघत राहिला. "चोरी न्हाई रं शिवा. हुकूम हाय माझ्यापाशी."

गेलेल्या साहेबाचा, गेलेल्या बाईसाठी हुकूम. नाना तो कागद बघून किती हसले असते ते मला डोळ्यांपुढं दिसलं.

"आन् तुमी भाईर का बसलाय? आत चला, मरचाल थंडीनं."

"मला कुटं हुकूम हाय?" म्हाकू आण्णा म्हणाला. "तिला हाय."

मी खुर्चीवरच्या लुगड्याकडं बघितलं. मग म्हणालो, "आण्णा, उद्या सकाळी नाना येनार. त्या आदी मी एक काम करू का? टाकीचं."

तो उठला. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून उठला, उघड्याच दारावर दोनदा टकटक केली, थांबला आणि आत गेला. खुर्चीपाशी वाकला. मी मान फिरवली. दोघांचं बोलणं चालू असताना बघत बसणं बरं दिसत नाही.

बाहेर येऊन म्हणाला, "कर म्हनलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धड टाकीला ठिगळ लावलं. खालच्या सांध्यावरचा चुना खरवडला, तळहाताएवढा पत्रा कातरला, कोळशाची शेगडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब ठेवून डाख धरायचा तांब्याचा खड्या तापवला, नवसागर लावला आणि कथील धरलं. चौथऱ्याच्या दगडावर वाटीभर तेल ओतलं, खालच्या मातीत मुरवलं. ठिगळ असं बसलं की नख शिरू नये. चीर नव्हती तिथं मी आयुष्यातला सगळ्यात चांगला डाख लावला.

नाना आले. वाकून बघितलं, माती हुंगली. म्हणाले, "सापडली म्हणायची. आता थेंब जाणार नाही ना?"

मी ठिगळाकडं बघितलं. चांदीसारखं चमकत होतं.

"जाईल," मी म्हणालो. "पत्रा म्हातारा झालाय नाना. माझा डाख टिकायचा नाही. पावसाळाभर रोज बोटभर उतरणार. दर साली उतरणार."

"मग तू कसला रे कारागीर?" नाना म्हणाले. "साताऱ्यात सांगीन सगळ्यांना."

"सांगा," मी म्हणालो आणि मान खाली घातली.

नाना चढण उतरून धुक्यात दिसेनासे झाले. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. मागनं म्हाकू आण्णा आला. त्याच्या हातात पितळी होती आणि पितळीतून वाफ निघत होती. मी काही मागितलं नव्हतं.

"घे," तो म्हणाला. "आतनं दिलाय."

मी घोट घेतला. चहात गूळ होता.