करवंदखिंडीतील चुगल्याची बखर

श्री. वळणावळणावर जी उभी असते त्या मार्गदेवतेस आधी नमन, आणि घरी वाट पाहणाऱ्या समस्तांस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मासी एके राज्यात समरजितराव नामे स्वार होते. औषधांच्या पेट्या करवंदखिंडीपल्याडच्या दवाखान्यांस पोहोचवाव्या, ही त्यांची चाकरी. घोडा लोखंडी, तांबडा, साडेतीनशे सीसीचा, आणि वेगाचा शौक ऐसा की, राज्याच्या शिपायांनी वेग मोजावयाच्या बंदुकीने त्यांस तीन वेळा धरिले. चौथ्यांदा सापडल्यास परवाना जप्त, ऐसे फर्मान सुटले.

त्यांचे कुटुंब शर्वरीबाई. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेल्या, आणि पदरी रेवा नामे तीन वर्षांची कन्या. बाईंचा स्वभाव ऐसा की, नजर दुधाच्या पातेल्यावर आणि कान फाटकाकडे. त्यांनी रावांस विनविले, रुसून पाहिले, लेकीची शपथ घातली, आणि राव हो म्हणत आणि कोपरा वळताच गाडी पळवीत. मग बाईंनी विचार केला की, माझे ऐकत नाहीत तर यंत्राचे ऐकतील, आणि परमुलखातून एक डबी मागविली. रडार डिटेक्टर ऐसे तिचे नाव. स्वार लोक तीस चुगल्या म्हणत, कारण पुढे शिपाई बंदूक रोखून असला की बंदुकीची अदृश्य लहर दुरूनच ओळखून ती टीं टीं करी. बाईंनी रावांच्या वाढदिवशी ती स्वहस्ते हँडलास बांधिली. राव हसून म्हणाले, "आजवर गाडी हळू चालवा म्हणून माझा जीव खाल्लास, आणि आता तूच शिपाई चुकवायला शिकवतेस होय?"

बाई म्हणाल्या, "ती ओरडली की ब्रेक तरी दाबाल. तेवढं मला पुरे."

पुढे ऐसे जाहले की, घराच्या अलीकडे गुलाबशेट यांचे मोठे दुकान, त्याचे काचेचे दार माणूस येताच आपोआप उघडे. दारावरल्या डोळ्यातूनही तैशीच लहर निघे, सबब चुगल्या तेथे रोज फसे, आणि राव खोटे जाणूनही सवयीने ब्रेक दाबीत. मग प्रथम टीं टीं ऐकू येई, मग गाडीचा आवाज उतरे, आणि रेवा "बाबा आले" म्हणून फाटकाशी धावे, आणि बाई दिवसभर धरलेला श्वास सोडीत.

मग चुगल्या राज्यात घरोघर जाहल्या. खिंडीच्या अवघड वळणावर शिपायांची चौकी होती. तेथे स्वार आधीच हळू होत आणि कोणी सापडेना. तेव्हा मार्गाधिकारी यांनी दरबारी कळविले की, तीन महिन्यांत एक गुन्हा नाही, खिंडीचे लोक सुधारले, आणि चौकी उठविली. बाईंनी हे वर्तमानपत्रात वाचिले आणि रावांस बजाविले की, आता तेथे डबी बोलणार नाही, तुम्हीच जपा. राव हेल्मेट चढवीत म्हणाले, "डबी गप्प म्हणजे रस्ता मोकळा. तूच दिलीस ना?"

चैत्रमासी एके दुपारी त्या वळणावर कोणा ट्रकातून खडी सांडली होती. चुगल्या शिपायाची खबर देई, खडीची देत नसे. त्या दिवशी दुकानापाशी टीं टीं जाहले नाही. जीपगाडीतून दोन शिपाई आले, आणि फार हळू आले. त्यांनी रुमालात बांधलेली डबी बाईंच्या हाती दिली. तिला ओरखडाही नव्हता.

मग बाईंनी दरबारी अर्ज केला की चौकी परत बसवावी. उत्तर आले की, तेथे गुन्ह्यांची नोंद नाही. बाई तो कागद घेऊन दोन दिवस बसून राहिल्या, परंतु डबी चार्ज करणे त्यांनी सोडिले नाही, आणि का, ते विचारावयाची कोणाची छाती जाहली नाही. पुढे एके सकाळी डबी पिशवीत तैशीच चालू असता बाई रेवेस घेऊन दुकानी गेल्या, आणि दारापाशी ती टीं टीं करू लागली, आणि रेवा बोट सोडून रस्त्याकडे धावली. बाईंनी तीस उचलिले, आणि दारावरल्या डोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग गुलाबशेटांस म्हणाल्या, "भाऊ, हा डोळा मला मिळेल?"

शेट म्हणाले, "जुना एक काढून ठेवलाय, वहिनी. पण तुमच्या घराला असलं दार कुठंय?"

बाईंनी सांगितले. शेटांनी आपला वायरमन सोबत दिला, आणि ओसाड चौकीच्या खांबावर बॅटरी आणि सौरपत्रा लावून तो डोळा रस्त्याकडे तोंड करून बसविला. मग बाई कडेवर लेक घेऊन वळणाशी उभ्या राहिल्या. स्वार वेगात येत, चुगल्या ओरडत, ब्रेक लागत. स्वार शिपाई शोधीत आणि बाईमाणूस पाहून बुचकळ्यात पडत. एक जण जाता जाता विचारता जाहला की, ताई, साहेब कुठं लपलेत? प्रत्येक गाडीचा आवाज उतरला की रेवा मान उंचावी आणि विचारी, "बाबा आले?"

बाई म्हणाल्या, "नाही गं. दुसऱ्या कुणाचे तरी बाबा."

तात्पर्य, त्या वर्षी खिंडीत दुसरे कोणी दगावले नाही. दरबारी दफ्तरात लोक सुधारले ऐशीच नोंद पुन्हा जाहली. बाईंचे नाव कोठे लागले नाही. त्या दर आठवड्यास जाऊन डोळ्यावरची धूळ पदराने पुसतात, इतकेच वर्तमान.