शुद्ध गुळातली 'दात पाडीन'

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काम करायचं आणि रविवारची सुट्टी मागायची, या दोन गोष्टी एका जन्मात जमत नाहीत. तरी समर्थनं मागितली.

"मामा, महिनाअखेरच्या रविवारी पुण्यात रॅपची स्पर्धा आहे. जाऊ का?"

कैलासमामानं गुळाच्या ढेपेवरची नजर न उचलता विचारलं, "कसली झाप?"

"रॅप. गाणंच असतं, पण भरभर बोलायचं."

"मंग ते तुझी मामी रोज करती. तिला कुटं पुण्याला जावं लागतं?"

आतून माधवीमामीनं भरभर काहीतरी ऐकवलं. त्याला चालही होती.

शेवटी तह झाला. मामाला नव्या खोक्यावर हातानं काढलेलं चित्र हवं होतं, कारण हल्ली गिऱ्हाइकाला हातानं केलेलं काहीही आवडतं. चित्र समर्थनं काढायचं. खोका खपला तर रविवार त्याचा, नाही खपला तर रविवार मामाचा.

समर्थ म्हणजे 'एमसी बोगदा'. हे रॅपचं नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं, आवाज घुमतो म्हणून. त्याच्या गावचे, मळवलीतले लोक म्हणायचे, आत काहीच नाही म्हणून. स्पर्धेला स्वतःचं गाणं आणि त्याचं कव्हर, म्हणजे गाण्यासोबत दाखवायचं चित्र, द्यायचं होतं, तेव्हा त्यानं आधी कला आणि मग शेंगदाणा असा क्रम लावला. साध्या बॉलपेननं स्वतःचा चेहरा काढला. एक भुवई वर, गळ्यात साखळी. जी मिशी अजून उगवायची होती ती चित्रात आगाऊ काढून घेतली. हातात माइक दिला, तो मक्याच्या कणसासारखा झाला. खाली ठसठशीत अक्षरांत गाण्याचं नाव: दात पाडीन.

कागद घेऊन तो कुसगावात प्रदीपच्या छापखान्यात गेला.

"प्रदीपभाऊ, कव्हर आणलंय."

"ये की. कैलासभाऊंचा फोन आलता. म्हणले, भाचा कव्हर घिऊन यील, डोळं झाकून छाप."

समर्थला भरून आलं. मामाचा आपल्या कलेवर एवढा विश्वास! "मोठं येऊ द्या, भाऊ," तो म्हणाला.

प्रदीप शब्दाचा पक्का होता. त्यानं डोळे झाकून छापलं.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोर टेंपो थांबला. मामा गूळ आणायला गेला होता. समर्थनं गठ्ठा सोडला, तर प्रत्येक खोक्यावरून समर्थच समर्थकडे भुवई वर करून बघत होता. खाली लिहिलं होतं, 'दात पाडीन – शुद्ध गुळाची शेंगदाणा चिक्की'. शाकाहाराचा हिरवा ठिपका बरोबर गालावर, तिळासारखा.

त्यानं फोन लावला. "अहो भाऊ, चिक्कीच्या खोक्यावर 'दात पाडीन' कोण लिहितं?"

"मलाबी जरा उघड बोलल्यागत वाटलं," प्रदीप म्हणाला. "पण म्हणलं, एक दुकानदार खरं बोलतोय, तर बोलू दे."

जुने खोके संपले होते. मामीला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण खोका रिकामा दिसला की तिला राहवत नसे. समर्थनं थप्पी भिंतीकडे तोंड करून ठेवेपर्यंत तिनं अर्धे भरूनही टाकले. तेवढ्यात एक बाई दुकानात शिरल्या. त्यांनी खोका उचलला, वाचला आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "ही सासूबाईंसाठी द्या."

मग एकानं साहेबांसाठी घेतली. एका दातांच्या डॉक्टरनं दवाखान्यात मांडायला म्हणून अख्खी थप्पी उचलली. पोरं "एक 'दात पाडीन' द्या" असं ओरडून मागायला लागली, आणि समर्थ मान खाली घालून आपलंच तोंड पिशवीत भरू लागला.

अशात मामा आला. त्यानं खोका उचलला. बराच वेळ बघितला. समर्थनं कान पिळायला तयार ठेवले.

"मामा, ते चुकून..."

"काका!" गर्दीतून एक पोरगी ओरडली. "हे तुम्हीच ना? मिशी सेम आहे!"

भाचा मामावर जातो म्हणतात. समर्थ तर मिशी लावून गेला होता. मामानं बरणीच्या काचेत स्वतःला बघितलं, मग खोक्यात बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "मीच हाय."

"आणि हातात?"

"कणीस. घरच्या रानातलं."

त्या दिवसापासून मामा हिशेबाला बसायचा बंद झाला. तो दुकानाच्या पायरीवर एक भुवई वर करून उभा राहू लागला. लोक 'रॅपर काका' म्हणत शेजारी उभं राहून फोटो काढत. मामा घोगऱ्या आवाजात "दात पाडीन" म्हणे, मग सगळे टाळ्या वाजवत.

"माजी मोहनमाळ काढा आदी गळ्यातली!" मामी आतून ओरडे.

"चित्रात हाय ती. गिऱ्हाइकाला फसवू का?"

एवढ्या गर्दीत सुट्टी कसली मिळते, असं मनाशी म्हणत समर्थनं घाबरत विषय काढला. "मामा, त्या रविवारचं..."

"जा, जा!" मामानं त्याला जवळजवळ ढकललंच. "पहिल्या गाडीनं जा. तू हितं शेजारी असला का लोक दोगांकडं बघत्यात."

रविवारी पुण्यात नोंदणीच्या टेबलावर समर्थनं छाती काढून कव्हर पुढे केलं. टेबलावरच्या मुलीनं ते बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, हे लोणावळ्याच्या रॅपर काकांचं आहे. आमच्या घरी खोका आहे. दुसऱ्याचं चित्र इथे चालत नाही."

"अहो, मी काढलंय! तो मीच आहे!"

मुलीनं त्याच्या ओठांच्या वर, जिथे मिशी असायला हवी होती तिथे, शांतपणे बघितलं.

समर्थनं मामाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे टाळ्या वाजत होत्या.

"मामा, यांना एकदा सांगा, खोक्यावरचं तोंड कुणाचं आहे?"

टाळ्या थांबल्या. मग घोगरा आवाज आला.

"फॅन हाय का? दुकानात यिऊन भेट, बाळा. आत्ता माजा परोग्राम चालूय."

फोन बंद झाला. मुलीच्या अंगावर शहारा आला होता.

"काय आवाज आहे काकांचा!" ती म्हणाली. मग तिनं कव्हर जपून आपल्या बॅगेत ठेवलं आणि हात केला. "प्रेक्षकांची रांग त्या बाजूला, दादा."