व्याह्याची हळद आणि कूलरची मोटर

"पाण्यानं बावीस टनाचा ट्रक थंड राहते, तं माझं वीतभर कार्ड काऊन नाही राहणार?"

लोकेंद्र रहांगडालेनं हा प्रश्न भर मे महिन्यात, सकाळी नऊ वाजता, सडक अर्जुनीच्या पानठेल्यावर विचारला, तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. एक तर सगळ्यांच्या तोंडात खर्रा होता आणि दुसरं म्हणजे कार्ड म्हटलं की लोकांना रेशनचं आठवे. लोकेंद्रनं या मौनाला तज्ज्ञांची संमती मानलं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला एवढी संमती पुरते!

लोकेंद्रचा व्हिडिओ स्टुडिओ म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. लग्नांचं शूटिंग करायचं, मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यात फुलं पाडायची, बदाम उडवायचे आणि नवरा-नवरीला चंद्रावर बसवून यायचं, हा धंदा. हे सगळं ज्या ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चाले, ते त्यानं २००९ साली नागपूरहून आणलं, तेव्हाच जुनं होतं. आता २०१३ उजाडलं होतं. काम जड झालं की कार्डाचा पंखा असा किंचाळे, की आता हे छप्पर फोडून उडतं आणि थेट रायपूरला उतरतं!

तरी ते चाललं असतं. पण मध्ये आली उदारामजींची हळद.

झालं होतं असं. दुर्गाप्रसाद पटल्यांच्या रिंकीचं लग्न एप्रिलमध्ये लागलं. पटल्यांच्या घरची रीत अशी, की मुलीकडच्या बायका व्याह्याला धरून त्याच्या तोंडाला हळद फासतात. नवऱ्याचे वडील उदारामजी बिसेन या मानासाठी चांगले पांढरेशुभ्र कपडे घालून, गाल पुढे करून तासभर मांडवात बसले. आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उतरलेल्या दीडशे पाहुण्यांच्या गडबडीत बायका विसरल्या! उदारामजी फक्त एकच पुरी खाऊन उठले. त्या एका पुरीची चर्चा दोन गावांत महिनाभर चालू होती.

"लोकेंद्र, तुझ्या कम्पुटरमधी माणसाले हळद लावता येते का गा?" दुर्गाप्रसादांनी येऊन हळूच विचारलं.

"मामाजी, माणूस चंद्रावर बसते आपल्या इथं. हळद काय चीज आहे?"

"मंग आमच्या व्याह्याले लाव. शनिवारी ते रिंकीले घेऊन तुझ्या इथं लग्नाचा सिनेमा पाहाले येऊन राहिले. माणूस पुन्हा रुसला तं ऐकून कोणाले घ्यावं लागन? माझ्या पोरीले."

म्हाताऱ्याचा आवाज जरा ओला झाला. लोकेंद्रनं छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि कामाला लागला.

आता व्याही काही भिंत नव्हे, की एकदा रंगवला आणि झालं! उदारामजी मांडवात सारखे मान वळवून बायकांची वाट बघत होते. मान वळली की लोकेंद्रची हळद गालावरून सरके. कधी मिशीवर जाई, कधी शेजारच्या माणसाच्या जिलबीवर. शेवटी त्यानं एकेका चित्रावर हातानं हळद लावली, वर चाळीस थर चढवले आणि सगळा सिनेमा एकत्र करायला सोडला. बासष्ट टक्के झाले, कार्ड अठ्ठ्याण्णव डिग्रीवर गेलं आणि कॉम्प्युटर फट्कन बंद! चार वेळा केलं, चारही वेळा बासष्टला. व्याही डिजिटल हळदही लावून घेईना!

मग लोकेंद्रनं इंटरनेटवर बघितलं. परदेशातली पोरं कॉम्प्युटरच्या पोटातून पारदर्शक नळ्या फिरवून निळं पाणी खेळवत होती. पुढाऱ्याला सलाईन लावावी, तसे ते कॉम्प्युटर ऐटीत गार पडून होते. लोकेंद्रनं रिंकीच्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढला. बादलीतून मोटर, मोटरीतून नळी, नळीतून कार्ड, कार्डावरून रेडिएटर आणि परत बादली. नकाशा इतका सुबक झाला, की त्यात काही चुकू शकेल असं वाटेचना.

दुपारी तो कोहमाऱ्याला शालीकरामच्या दुकानी पोचला. शालीकरामनं नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या तीन पिढ्यांच्या ट्रकांचे रेडिएटर झाळले होते.

"गाडी कोणती?"

"गाडी नाही, कार्ड आहे."

"किती टनाचं?"

"पाऊण किलोचं."

शालीकरामनं पत्रिका उलटसुलट बघितली. "लग्न तं होऊन गेलं."

"मागचं पाहा ना जी!"

मागचं बघून शालीकराम एकदम गंभीर झाला. कारण त्याला ते कळलं. भंगारातल्या मोटारीच्या हीटरची छोटी जाळी त्यानं रेडिएटर म्हणून काढून दिली, तांब्याची पट्टी कापली, तिच्यावर बारीक तांब्याची नळी नागासारखी वेटोळी करून झाळली. जोडणीला गवंड्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी सुचवली.

"अन् गळलं तं?" लोकेंद्रनं विचारलं.

"हळद टाकायची पाण्यात. सारे ट्रकवाले तेच करतात. बारीक भोकात जाऊन बसते. मूठभर पुरते."

शालीकराम ट्रकचं सांगत होता. लोकेंद्रनं ते कार्डाचं म्हणून ऐकलं.

राहता राहिली मोटर. ती घरातच होती, कूलरमध्ये.

"अवो, मोटर कुठं नेऊन राहिले?" त्याच्या बायकोनं, सोनिकानं दार अडवलं.

"पाचच दिवस."

"बाहेर शेहेचाळीस डिग्री आहे!"

"सोनिका, कार्ड अठ्ठ्याण्णववर आहे."

"मंग मी अठ्ठ्याण्णववर गेली तं मोटर भेटन का मले?"

हा प्रश्न तांत्रिक नसल्यानं लोकेंद्र मोटर घेऊन निघाला.

अंगणात चाचणी झाली. एका सांध्यातून थेंब टपकला. लोकेंद्रनं स्वयंपाकघरात जाऊन मूठभर हळद आणली, पाण्यात टाकली, आणि काय सांगावं! पाच मिनिटांत थेंब बंद! सगळं सामान कार्डावर चढलं, नळीतून पिवळंधमक पाणी सळसळू लागलं.

"हे पिवळं काय जी?" सोनिका.

"कूलंट. थंड करायचं औषध असते."

"अन् माझी हळद कोणं नेली? डबा रिकामा दिसून राहिला!"

"उंदीर असन."

कार्ड एकावन्न डिग्रीवर आलं! घरातला सर्वांत सुखी जीव तोच. कारण त्याची गर्मी जाळीतून नीट खोलीत येत होती आणि खोलीत सोनिका होती. दोन दिवस ती लोकेंद्रशी फक्त पदरानं वारा घेत बोलली.

शनिवारी सकाळी अकराला सिनेमा एक्क्याण्णव टक्क्यांवर होता. लोकेंद्र पडद्यासमोर हात जोडूनच बसलेला. आणि नळीतलं पाणी हळूहळू थांबलं! हळदीला काय ठाऊक, कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं नाही? शालीकरामच्या त्या बारीक वेटोळ्यात ती जी जाऊन बसली, ती बसलीच. साठ, ऐंशी, अठ्ठ्याण्णव... फट्!

त्याच क्षणी बाहेर जीपचा हॉर्न.

उदारामजी उतरले. पांढरं धोतर, पांढरा कुर्ता, पांढरा दुपट्टा, तोंडावर तीच एका पुरीची कळा. मागे रिंकी, तिच्या मागे कपाळ पुसत दुर्गाप्रसाद. सगळे घामानं निथळत होते.

"बसा, बसा!" सोनिकानं खुर्च्या मांडल्या, कूलरच्या अगदी पुढ्यात. मग आत येऊन तिनं नळ्या ओढून काढल्या आणि मोटर काखोटीला मारली. "पाहुणे शिजून राहिले! तुमचं कार्ड राहू द्या."

"अवं, पण..."

"अन् हे बादलीतलं औषधबी टाकते कूलरमधी. थंड करायचंच आहे ना? नळ तं परवा येते."

लोकेंद्रनं तोंड उघडलं. पण उंदराचं कबूल केल्याशिवाय हळदीचं सांगता येत नव्हतं. या पेचात तो अडकला असतानाच मोटर बसली, बादली कूलरमध्ये रिकामी झाली आणि बटण दाबलं गेलं.

फर्रर्र! आधी वास आला, ताज्या वरणाचा. मग जुन्या कूलरची ती सवय, सुरुवातीला दहाबारा शिंतोडे उडवायची. आज त्याला जास्तच उत्साह होता. पाच दिवसांचा उपाशी!

उदारामजींचा कुर्ता ठिपक्याठिपक्यांचा झाला. दुपट्टा पिवळा. डावा गाल तर अख्खा. दुर्गाप्रसाद हात जोडून उभे राहिले. रिंकीनं डोळे मिटून घेतले.

उदारामजींनी गालावरून बोट फिरवलं. वास घेतला.

"दुर्गाप्रसादजी."

"जी..."

"हे हळद आहे."

"...जी."

"महिन्याभरानं आठवली का तुमाले?"

कूलरनं आणखी एक पिचकारी मारली, ती बरोबर मिशीवर. आणि रिंकीला हसू आवरेना! ती जी फुटली, ती तोंडात पदर कोंबूनही थांबेना. उदारामजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, मग खुर्ची!

"या ना, तुमीबी या!" त्यांनी दुर्गाप्रसादांना हाताला धरून कूलरसमोर ओढलं. "एकट्यानंच कायले लावून घेऊ? अरे लोकेंद्र, शूटिंग घेऊन राहिला का नाही गा?"

सगळ्यांनी लोकेंद्रकडे बघितलं. त्याच्या हातात गवंड्याची नळी होती. कॅमेरा कपाटात होता. कपाटाची किल्ली कुठं होती, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"मी घेतली ना," सोनिका म्हणाली. तिच्या हातात दीड हजाराचा मोबाईल होता.

चाळीस सेकंदांची ती हलती, धुरकट क्लिप सिनेमाच्या शेवटी जोडली. चाळीस थरांची हळद लोकेंद्रनं काढून टाकली, तेव्हा सिनेमा त्याच कार्डावर, जुन्या किंचाळत्या पंख्यावर, एका दमात पूर्ण झाला. उदारामजींच्या घरी लोक पहिले दोन तास पुढे ढकलून थेट शेवटच बघतात म्हणे. आणि त्या दिवशी जेवायला उदारामजींनी अकरा पुऱ्या खाल्ल्या. मोजल्या दुर्गाप्रसादांनी.

घराला मात्र पावसाळा लागेपर्यंत वरणाचा वास येत होता.

पुढच्या आठवड्यात नागऱ्याहून एक गिऱ्हाईक आलं. "आमच्या व्याह्यालेबी तशीच हळद लावून द्या जी. कूलरवाली."

लोकेंद्रनं त्याला चंद्र दाखवला, बदाम दाखवले, बारा प्रकारची फुलं पाडून दाखवली. गिऱ्हाईक मान हलवत राहिलं. शेवटी लोकेंद्रनं पत्रिकेच्या पाठीवर नवा नकाशा काढला, त्यात कूलर एक आणि हळद मूठभर. मग तो उठला, आतल्या दारात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच फार नम्रपणे म्हणाला,

"सोनिका, मोटर भेटन का मले?"